डॉ. द्वारकानाथ कोटणीस : चरित्र व आठवण

युद्धाचा इतिहास शाळेत शिकविला जातो तेव्हा त्यात सने असतात, सेनापतींची नावे असतात, आणि शेवटी तहाची कलमे असतात. हे सर्व विद्यार्थ्यांनी अवश्य शिकावे. परंतु युद्धाच्या इतिहासाचा दुसरा एक साठा असतो. तो घराघरांत, वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात, जुन्या पेटीतील पत्रांत आणि भिंतीवरील तसबिरींत असतो. हा साठा कोणी वेळीच उतरवून घेतला तर टिकतो, न घेतला तर सांगणाऱ्याबरोबर नाहीसा होतो. कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे दक्षिणा मिळविण्याच्या आशेने 1857 साली उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी स्वतः पाहिला. घरी परतल्यावर सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी ती हकीकत लिहून काढली, व चिंतामण विनायक वैद्य यांनी ती 1907 साली प्रसिद्ध केली. त्या भिक्षुकाने लेखणी हाती धरली नसती तर मराठी भाषा एका अनमोल ग्रंथास मुकली असती.

विष्णुभट परत आले म्हणून त्यांना आपली हकीकत स्वतः सांगता आली. पण जो परत आलाच नाही, त्याची हकीकत कोणी सांगावी? या वर्षी आमच्या वाचकांपुढे आम्ही अशाच एका पुरुषाचे चरित्र ठेवीत आहो. ते होत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. त्यांचे नाव पुष्कळांनी ऐकले आहे. तथापि त्यांच्याविषयी आपणांस जे ठाऊक आहे ते कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत आले, आणि त्या वाटेवर त्यात काय मिसळले, याचा विचार थोड्यांनीच केला असेल. म्हणून प्रथम त्यांचे चरित्र सांगून मग त्या वाटेविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

द्वारकानाथांचा जन्म सोलापुरास 10 ऑक्टोबर 1910 रोजी झाला. सोलापूर हे त्या काळी कापडगिरण्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. ते जसे कष्टकऱ्यांचे तसेच स्वाभिमानी लोकांचेही शहर होते. 1930 सालच्या चळवळीत तेथे मार्शल लॉ पुकारला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी त्या शहरचे चार पुत्र येरवड्याच्या तुरुंगात फासावर चढले. द्वारकानाथ तेव्हा वीस वर्षांचे होते. त्यांचे घर मध्यम स्थितीतले व भरलेले होते. त्यांना दोन भाऊ व पाच बहिणी होत्या. पुढे त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यक महाविद्यालयात शिक्षण घेतले, 1936 साली पदवी मिळविली, आणि अधिक उच्च परीक्षेची तयारी चालविली. अशा कुटुंबातील मुलगा डॉक्टर झाला म्हणजे आईबापांच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहते हे आमच्या पालक वाचकांस सांगावयास नको. दवाखाना, मानमान्यता, लहान भावंडांची शिक्षणे, बहिणींची लग्ने, हे सर्व त्या एका पदवीवर अवलंबून असते.

याच सुमारास पूर्वेकडे मोठे संकट कोसळले. 7 जुलै 1937 रोजी पेकिंगजवळील एका पुलावर चिनी व जपानी सैन्यांची चकमक झाली आणि तीतून जपानने चीनवर उघड स्वारी केली. शहरांमागून शहरे पडत गेली. चिनी लोकांपाशी माणसे होती, पण डॉक्टर, औषधे व शस्त्रक्रियेची उपकरणे यांचा दुष्काळ होता. आठव्या मार्गसेनेचे सेनापती जनरल चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंस पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची याचना केली. आपला देश तेव्हा स्वतःच परतंत्र होता. तरीही काँग्रेसने हे बोलावणे स्वीकारले. 1938 साली अध्यक्षपदी असलेल्या सुभाषचंद्र बोसांनी देशास आवाहन केले. जुलै महिन्यात चीननिधीचे दिवस पाळून सुमारे 22,000 रुपये जमविण्यात आले आणि पाच डॉक्टरांचे एक पथक धाडण्याचे ठरले.

त्या पाच जणांची नावे आमच्या विद्यार्थ्यांनी पाठ करावी अशी आहेत. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनलाल अटल, हे त्यापूर्वी स्पेनमधील यादवी युद्धात प्रजासत्ताक पक्षाच्या जखमींची सेवा करून आलेले होते. दुसरे नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर, हे पाचांत वयाने सर्वांत वडील. तिसरे व चौथे कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी. पाचवे आमचे चरित्रनायक. यांपैकी डॉ. चोळकरांचे नाव वऱ्हाडच्या वाचकांस विशेष जवळचे वाटावे. नागपूरहून मुंबईस जाणारा लोहमार्ग वर्धा, पुलगाव व धामणगाव करीत आमच्या चांदुरावरूनच जातो. ज्या वयात लोक नातवंडांत रमतात त्या वयात हे नागपूरकर वैद्य परक्या देशातील जखमींकरिता समुद्रपार गेले, आणि तरीही त्यांचे नाव आज आमच्या भागात किती घरी ठाऊक असेल याची आम्हांस शंकाच आहे. आठवण सांगणारे कोणी नसले म्हणजे अगदी शेजारचा माणूसही कसा विस्मृतीत जातो, याचे हे उदाहरण होय.

द्वारकानाथांनी जाण्याची इच्छा घरी सांगितली तेव्हा वडील शांतारामपंतांनी त्यांस उत्तेजन दिले. मुलगा इतका दूर जाणार म्हणून आईला मात्र अतोनात दुःख झाले. त्यांच्या एका भगिनीने वृद्धपणी सांगितलेल्या आठवणीत असे आहे की, त्या काळी घरातल्या मंडळींना चीनविषयी जवळजवळ काहीच ठाऊक नव्हते. चिनी रेशीम विकावयास लोक येतात एवढीच त्या देशाची ओळख. ही आठवण लहानशी दिसते, पण तिच्यात मोठा अर्थ आहे. कोणत्याही सरकारी कागदात ही गोष्ट लिहिलेली सापडणार नाही. सोलापूरच्या त्या घराला चीन किती दूरचा होता आणि आईने मुलाला कोणत्या अज्ञात प्रदेशात जाऊ दिले, हे त्या रेशमाच्या आठवणीवाचून आपणांस कधी समजले नसते.

1 सप्टेंबर 1938 रोजी हे पथक मुंबईहून राजपुताना नावाच्या आगबोटीने निघाले व त्याच महिन्याच्या मध्यास कँटन बंदरी पोहोचले. तेथून ते देशाच्या आतल्या भागात हँकाऊकडे गेले. पण युद्धाची आघाडी त्यांच्या पाठोपाठच येत होती. ऑक्टोबरात कँटन पडले आणि थोड्याच दिवसांत हँकाऊही जपान्यांच्या हाती गेले. यांगत्से नदीने मागे सरत हे पाच जण चुंगकिंग शहरी आले. तेथे चिनी मित्रांच्या प्रथेप्रमाणे प्रत्येकाच्या नावाला चीन या अर्थाचे हुआ हे अक्षर जोडण्यात आले, आणि कोटणीसांचे नाव के दिहुआ असे झाले. चीनमध्ये आजही ते याच नावाने ओळखले जातात.

चुंगकिंग येथेच त्यांच्यावर पहिला मोठा आघात झाला. सोलापुरास वडील निवर्तल्याची वार्ता तेथे येऊन पोहोचली. घरी विधवा आई, भावंडे, आणि संसाराचा भार. या वेळी ते परत फिरते तर त्यांना कोणीही दोष दिला नसता. सोबत्यांनीही त्यांस परत जाण्याची मोकळीक दिली होती. पण ज्या वडिलांनी उत्तेजन देऊन धाडले त्यांच्या मृत्यूमुळे हाती घेतलेले काम सोडणे त्यांस रुचले नाही, व ते पुढेच गेले. या निर्णयाविषयी आमच्या मनात नुसता आदरच नाही, वेदनाही आहे. परोपकाराची किंमत परोपकार करणारा एकटा देत नाही. त्याच्या घरची माणसेही ती देतात. कोटणीसांच्या आईने व भावंडांनी ती दिली, आणि चरित्र सांगताना त्यांचा विसर पडू नये.

फेब्रुवारी 1939 मध्ये हे पथक यानान येथे पोहोचले. डोंगराच्या पिवळ्या मातीत कोरलेल्या गुहांत तेथील लोक राहत; इस्पितळे व शाळाही गुहांतच असत, कारण वरून बाँबगोळ्यांची भीती. माओ त्सेतुंग यांनी या पाहुण्यांचे स्वागत केले. त्याच वर्षी डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी हे मायदेशी परतले. नोव्हेंबरात डॉ. अटल, डॉ. बसू व डॉ. कोटणीस हे तिघे प्रत्यक्ष आघाडीकडे निघाले. काही काळाने डॉ. अटल हेही परतले, आणि मागे दोघेच तरुण उरले.

त्या प्रदेशात नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे शस्त्रवैद्य काम करीत होते. ते एका प्रेस्बिटेरियन पाळकाचे पुत्र. जखमी सैनिकाने डॉक्टरापर्यंत येण्याची वाट न पाहता डॉक्टरानेच रणभूमीजवळ जावे, असा त्यांचा दंडक होता, कारण रक्तस्राव व जखमेतील विष वेळ देत नाहीत. दुसऱ्याचे रक्त रुग्णाच्या अंगात घालण्याची क्रिया आघाडीच्या जवळ नेऊन करण्याचा प्रयोग त्यांनी स्पेनमध्ये केलेला होता. एका शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांच्या बोटाला जखम झाली, रक्तात विष भिनले, व 12 नोव्हेंबर 1939 रोजी त्यांचा अंत झाला. या बेथ्यूनना औषधे पुरविणाऱ्यांत न्यूझीलंडच्या अँग्लिकन मिशनरी परिचारिका कॅथलीन हॉल या होत्या. जपानी पहाऱ्यातून त्या पेकिंगहून औषधे आणीत. त्याबद्दल जपान्यांनी त्यांचे मिशन जाळून टाकले व त्यांस देशाबाहेर काढले. मिशनशाळेच्या विद्यार्थ्यांनी ही बाई विसरू नये.

बेथ्यून गेल्यामुळे रिकामी झालेली जागा अखेर कोटणीसांकडे आली. 1940 साली ते हेबेइ प्रांतात तांग परगण्यातील गेगोंग गावी आले. तेथे बेथ्यून यांच्या नावाने इस्पितळ व वैद्यकशाळा चालत असे. त्याच वर्षी चिनी सैन्याने जपान्यांविरुद्ध मोठी मोहीम काढली. तेरा दिवसांच्या एका झुंजीत आठशेहून अधिक जखमी कोटणीसांच्या तुकडीकडे आले व त्यांपैकी पाचशेहून अधिकांवर शस्त्रक्रिया झाल्या, असे तिकडे नमूद आहे. एकदा तर ते सलग तीन दिवस व तीन रात्री झोपेवाचून काम करीत राहिले. जानेवारी 1941 मध्ये त्यांस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे पहिले संचालक नेमण्यात आले. इस्पितळ म्हणजे दगडी भिंतींची इमारत नव्हे. शत्रू जवळ आला की खेचरांवर सामान लादून सारे इस्पितळ रातोरात डोंगरात हलवावे लागे.

कोटणीसांनी चिनी भाषा इतकी आत्मसात केली की ते तीत व्याख्याने देऊ लागले. खेड्यातून आलेल्या, थोडेसेच शिकलेल्या तरुणांना शस्त्रवैद्य बनविणे हे त्यांचे मुख्य काम झाले. त्यांच्याकरिता शल्यविद्येचा एक पाठ्यग्रंथ त्यांनी पुरा केला व दुसरा हाती घेतला. तेथील सैनिक त्यांच्या सावळ्या वर्णामुळे व मायाळूपणामुळे त्यांना काळी आई म्हणत, अशी आठवण त्या मुलखात सांगतात. वऱ्हाडचा शेतकरी काळी आई कोणाला म्हणतो हे आपण सर्व जाणतो. चिनी सैनिकाला आमच्या मातीची ठेव ठाऊक असण्याचे कारण नाही. तरी नाव मात्र त्याने तेच दिले, आणि आम्हांला ते फार गोड वाटते.

तेथील वैद्यकशाळेत गुओ चिंगलान नावाची परिचर्याशास्त्राची शिक्षिका होती. तिचा व कोटणीसांचा विवाह 1941 च्या अखेरीस झाला. 23 ऑगस्ट 1942 रोजी त्यांस पुत्र झाला. त्याचे नाव यिन्हुआ ठेवले. यिन् म्हणजे हिंदुस्थान व हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. ते आमच्या धर्माचे नव्हते, आणि त्यांनी स्वीकारलेले राजकीय मत आमच्या कित्येक वाचकांना मान्य होणार नाही. पण चरित्र सांगताना न आवडणारे पान फाडणे हे चरित्रकाराचे काम नव्हे. आपल्या प्रभूने सांगितलेल्या दाखल्यात वाटेवर घायाळ पडलेल्या मनुष्याला उचलणारा शोमरोनी होता. तो कोणत्या मताचा, याची चौकशी त्या घायाळाने केली नाही.

परंतु प्रकृती खालावत चालली होती. अपुरे अन्न, कडाक्याची थंडी व अविश्रांत श्रम यांत त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. वरिष्ठांनी उपचारांसाठी मागे जाण्याचा आग्रह केला. तो त्यांनी मानला नाही. शल्यविद्येच्या दुसऱ्या ग्रंथाची पाने लिहीत असतानाच त्यांना मोठा झटका आला, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. पुढे त्यांचे अवशेष शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या दफनभूमीत नेण्यात आले, तेथे डॉ. बेथ्यूनचेही थडगे आहे.

चरित्र येथे संपले. आता ते आपल्यापर्यंत कसे आले ते पाहू. डॉ. बसू 1943 साली परत आले. आपल्या मित्राची सोबत त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती व रोजनिशीही ठेविली होती. ती पुढे पुस्तकरूपाने निघाली. 1944 साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकाची कथा इंग्रजीत लिहिली. पाच गेले व एक परतला नाही, या अर्थाचेच नाव त्यांनी पुस्तकास दिले. त्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी 1946 साली डॉ. कोटनीस की अमर कहानी हा हिंदी बोलपट काढला व कोटणीसांची भूमिका स्वतःच केली. जयश्रीबाईंनी चिंगलानची भूमिका केली. देशातील लक्षावधी लोकांना कोटणीस हे नाव या बोलपटाने ठाऊक करून दिले. ही त्याची सेवा लहान नाही.

पण येथेच सावध राहिले पाहिजे. बोलपटात डॉक्टर प्लेगच्या साथीशी झुंजतात आणि अखेर त्याच रोगाने मरतात असे दाखविले आहे. ते जपान्यांच्या हाती सापडून निसटतात असाही प्रसंग आहे. वस्तुतः त्यांचा मृत्यू अपस्माराने झाला. बोलपटाच्या शेवटी चिंगलान लहान मुलाला घेऊन सोलापुरास सासूच्या दारी येते, व प्रेक्षकांच्या डोळ्यांस पाणी येते. प्रत्यक्षात ती हिंदुस्थानात आली ती कित्येक वर्षांनी, महायुद्ध संपून चीनमध्ये नवे राज्य स्थापन झाल्यावर. कथा रंगविण्याचा कवीला व नाटककाराला अधिकार आहे, आणि शांतारामांनी तो वापरला याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र चित्रपटगृहातून बाहेर पडणारा मनुष्य कथा आणि इतिहास यांची फारकत करीत नाही. आजही पुष्कळ जण कोटणीस प्लेगने गेले असेच सांगतात. अपस्मार हे मरण रणवीराला शोभत नाही असे कोणास वाटत असेल. पण आजार अंगावर घेऊनही जो कामावरून हलला नाही, त्याचे शौर्य प्लेगच्या उसन्या मरणाहून आम्हांस मोठे वाटते.

कोणी म्हणेल की कल्पित बोलपटावर विश्वास ठेवू नये हे खरे, पण प्रत्यक्ष घटनांचे चित्रण करणारे अनुबोधपट, ज्यांना हल्ली माहितीपट म्हणतात, ते तरी विश्वासार्ह असतील. ते असतात, पण त्यांनाही दैव असते. 1938 साली हॉलंडचे योरिस इव्हेन्स हे चित्रपटकार चीनमधील युद्धाचे चित्रण करण्यास आले असता त्यांनी आपला एक कॅमेरा चिनी छायाचित्रकार वू यिन्श्येन यांच्या हाती पडावा अशी व्यवस्था केली. वू व त्यांचे सोबती यांनी यानान व आठवी मार्गसेना यांवर मोठा पट घेतला. तो पुरा करण्यासाठी 1940 साली रशियास नेला. पुढच्याच वर्षी जर्मनांनी रशियावर स्वारी केली आणि त्या धुमाळीत तो पट गहाळ झाला. ज्या काळात व ज्या मुलखात कोटणीस वावरले त्याचे प्रत्यक्ष चित्रण अशा रीतीने बहुतांशी हरपले. फीत जळते, हरवते, किंवा तिच्यातील हवे तेवढेच जोडून दाखविता येते. म्हणून पटाला माणसांच्या आठवणीची जोड लागते.

ती जोड कोटणीसांच्या बाबतीत दोन घरांनी दिली. सोलापूर-मुंबईच्या घराने त्यांचे बालपण, आईचा निरोप व वडिलांचे उत्तेजन या गोष्टी जपल्या. चिंगलानबाईंनी आपल्या सहजीवनाच्या आठवणी लिहून ठेविल्या व हिंदुस्थानातील सासरी त्या अनेकदा येऊन गेल्या. त्यांच्या वाट्यास दुःख काही थोडे आले नाही. यिन्हुआ वैद्यकशास्त्र शिकत असतानाच 1967 साली, पंचविशीही न ओलांडता, मरण पावला. त्या बाई स्वतः 2012 साली, नव्वदी कधीच ओलांडल्यावर, वारल्या. मध्यंतरी 1962 साली दोन्ही देशांत युद्ध होऊन मने कडू झाली; तरीही ही आठवण कोणत्याही बाजूने पुसली नाही. चीनने 1982 साली व भारताने 1993 साली त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. चीनचे राष्ट्राध्यक्ष 2006 साली व पंतप्रधान 2013 साली मुंबईस आले तेव्हा त्यांनी कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेतली. सोलापुरात त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. शिजियाझुआंगमध्ये त्यांच्या चिनी नावाची वैद्यकशाळा असून 2020 साली तेथे त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला.

विद्यार्थिमित्रहो, यावरून आपण काय घ्यावे? चीन दूर आहे, पण युद्धकाळाच्या आठवणी आपल्या वऱ्हाडातही आहेत. ज्या 1942 साली कोटणीस गेले त्याच साली 16 ऑगस्टला शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे गोळीबार होऊन माणसे पडली. त्याच्या आदल्या वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली व तिची एक पलटण नागपूरजवळ कामठीस भरली. आपल्यापैकी कोणाच्या पणजोबांनी त्या पलटणीचा गणवेश घातला असेल. कोणाच्या पणजीने महागाईच्या दिवसांत रेशनच्या रांगेत उभे राहून घर चालविले असेल. ते डोळे बहुतेक मिटले आहेत. पण त्यांच्या तोंडून ऐकलेली मुले आज आजोबा-आजी होऊन आपल्या घरी बसली आहेत. आठवणीच्या साखळीचा हा शेवटचा दुवा आहे.

म्हणून या सुटीत त्यांच्यापाशी बसा. प्रथम त्यांना बोलू द्या. मध्ये दुरुस्ती करू नका. त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, आणि गाव, साल व माणसाचे नाव ही तीन निशाणे विचारून घ्या. कोणती गोष्ट त्यांनी पाहिली व कोणती ऐकली हे वेगळे लिहा. नंतर पेटीतील कागद, पदक, पेन्शनचे पुस्तक, जुने छायाचित्र जे सापडेल ते ताडून पाहा. एखादा माहितीपट पाहिला तर तो कोणी काढला, केव्हा काढला व त्यात प्रत्यक्ष चित्रण किती हे विचारा. आठवण आणि कागद यांत विरोध आढळला तर दोन्ही लिहून ठेवा. घाईने एकाला खोटे ठरवू नका. रेशमाची आठवण जशी कागदात नव्हती, तसा मृत्यूचा खरा रोग बोलपटात नव्हता. इतिहासाला दोन्हींची गरज आहे.

पालकांसही आमची नम्र विनंती आहे. मुलांना दुःखाच्या गोष्टी कशाला, असे म्हणून त्या दडवू नयेत. वयाला झेपेल तेवढे, पण खरे सांगावे. शत्रूचा द्वेष वाढविण्यासाठी सांगितलेली आठवण मुलाचे मन खुजे करते. जखमा बांधणाऱ्यांची आठवण त्याचे मन मोठे करते, आणि तशी माणसे प्रत्येक युद्धात, प्रत्येक पक्षात होऊन गेली आहेत.

डॉ. कोटणीसांना चार वर्षे व तीन महिने एवढाच काळ परदेशात मिळाला. त्यात त्यांनी तेथील भाषा शिकली, माणसे वाचविली, शिष्य घडविले, आणि ग्रंथ अर्धा सोडून ते गेले. तो ग्रंथ त्यांच्या हातून पुरा झाला नाही. पण त्यांच्या आठवणीचा ग्रंथ दोन देशांतील दोन कुटुंबांनी ऐंशी वर्षे पाने जोडीत चालविला आहे. आपल्या घरी असा एखादा ग्रंथ लिहिला जाण्याची वाट पाहत असेल. त्याचे पहिले पान या वर्षी आपल्या शाळेतील एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून लिहिले जावो, आणि परमेश्वर त्यास सत्य लिहिण्याची बुद्धी देवो, अशी आमची प्रार्थना आहे.